कपाटात पडून राहिलेला रॉक अल्बम पुन्हा सापडतो तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेकॉर्ड्सबद्दल मला जे मेसेज येतात त्यातले निम्मे तेच तेच असतात, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून टाकतोय. उदाहरण जवळपास सगळीकडे एकाच अल्बमचं घेतलंय, झॉम्बीज या ब्रिटिश बँडचा 'ओडेसी अँड ऑरॅकल', कारण तो माझ्याच कपाटात अकरा वर्षं पडून होता आणि त्याच्या बाबतीत करता येतील तेवढ्या सगळ्या चुका मी करून झाल्यात. प्रश्नांना नंबर दिलेत. उत्तरात 'अमुक नंबर बघा' असं आलं की तिकडे जा, तेच परत लिहायचा मला कंटाळा आहे.

१. दादा, "दुर्लक्षित अल्बम" म्हणजे नक्की कुठला? माझ्याकडे ३०० रेकॉर्ड्स आहेत, फिरून फिरून वीसच ऐकतो.

मग हिशोब सोपा आहे, २८०! बरं, गंमत सोडा. मी दुर्लक्षित कशाला म्हणतो, तर जो आपण ऐकलाय अशी आपली समजूत आहे त्याला. सील न फोडलेली रेकॉर्ड दुर्लक्षित नसते, तिची पाळी यायचीय एवढंच. कोणी विषय काढला की आपण "हो हो, आहे ना माझ्याकडे, बरा आहे" म्हणतो आणि त्यातलं दुसरं एखादं गाणं सांग म्हटलं की तोंडाला कुलूप, तो खरा दुर्लक्षित.

२. एवढ्या ढिगातून सुरुवात कुठून करायची?

ट्यूबलाइटखाली. रेकॉर्ड कव्हरातून काढा, हात फक्त कडेला आणि मधल्या लेबलला लागेल अशी धरा आणि उजेडात तिरकी करून हळूहळू फिरवा. गाणी कुठे सुरू होतात कुठे संपतात ते पट्ट्यांवरून कळतंच. ज्या पट्टीवर सुई पुन्हा पुन्हा टेकवलीय तिच्या अगदी आधी बारीक ओरखडे दिसतात, आणि प्लेअर जड हेडचा असेल तर ती पट्टीच बाकीच्यांपेक्षा मंद, राखाडी दिसायला लागते. जिथे कोणी फिरकलंच नाही तिथला काळा रंग नव्या छत्रीसारखा चकाकतो. एक पट्टी राखाडी आणि बाकी सगळं चकाचक अशी रेकॉर्ड हाताला लागली की ती बाजूला काढा, तुम्ही ती एका गाण्यासाठी घेतली होती आणि बाकी अल्बम कधी ऐकलाच नाहीये.

चांगल्या, हलक्या सुईवर वाजवलेल्या रेकॉर्डवर हा फरक दिसेलच असं नाही हां. तिथे आठवणीवरच काम भागवा.

३. तुम्ही सारखं त्या झॉम्बीजच्या अल्बमचं सांगता. ती भानगड काय आहे?

कंपनीने मला २०११ मधे इंग्लंडला पाठवलं होतं, रेडिंगला, दीडेक वर्ष. शनिवारी करायला काही नसायचं म्हणून चॅरिटी शॉप्समधे जुन्या रेकॉर्ड्सची खोकी उपसत बसायचो. त्यातच ही मिळाली, नंतरच्या काळातली रीइश्यू कॉपी. घेतली का, तर मागच्या बाजूला 'टाइम ऑफ द सीझन' असं वाचलं आणि ते गाणं मला हॉस्टेलपासून माहीत होतं, ती बासची लाइन, मधेच एक टाळी आणि मग तो "आह्" असा सोडलेला श्वास. एकदा ऐकलं की डोक्यातून जात नाही.

आता ते गाणं आहे दुसऱ्या साइडचं शेवटचं. तेव्हा माझ्याकडे सुटकेससारखा बंद होणारा एक स्वस्त प्लेअर होता, त्यावर मी रेकॉर्ड लावायचो ती थेट शेवटच्या पट्टीवर सुई टेकवून. गाणं वाजायचं पण खरखरीत, "स"चे उच्चार फाटल्यासारखे. चारपाच वेळा ऐकलं, प्रेसिंगच, म्हणजे कारखान्यातली छपाईच, भिकार आहे असं ठरवून टाकलं आणि कपाटात ठेवून दिली. पुण्याला परत आलो, दोन घरं बदलली, प्लेअर बदलला, ही मात्र आपली उभी ती उभीच.

२०२२च्या पावसाळ्यात कव्हरांवरची बुरशी पुसायला सगळा कप्पा खाली काढला होता. तेव्हा २ नंबरमधे सांगितलेला उद्योग सहज म्हणून केला आणि दिसलं की एक पट्टी राखाडी, बाकीच्या अकरा कोऱ्या. पहिली साइड लावली. सुरुवातीला एकदम आनंदी पियानो, मी कव्हर पुसतोच आहे, आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत लक्षात आलं की अरे, हे तर तुरुंगातून सुटून येणाऱ्या माणसाला लिहिलेलं पत्र आहे! 'केअर ऑफ सेल ४४'. एवढ्या खुशीत, एवढ्या आवाजांनी मिळून म्हटलेलं. मग हातात फडकं तसंच घेऊन फरशीवर बसून राहिलो. अठरा मिनिटांनी साइड संपली तर आतून आई म्हणाली, "अरे, बंद का केलंस? चांगलं चाललं होतं की."

४. हा अल्बम आहे कुणाचा, केव्हाचा? थोडक्यात सांगा.

झॉम्बीज हा लंडनजवळच्या सेंट ऑल्बन्सचा पाच जणांचा बँड. कॉलिन ब्लनस्टोन गायक, रॉड अर्जंट कीबोर्ड्स, ख्रिस व्हाइट बास, पॉल ॲटकिन्सन गिटार, ह्यू ग्रंडी ड्रम्स. १९६४मधे 'शीज नॉट देअर' जोरात चाललं, नंतर उतरती कळा. शेवटचा प्रयत्न म्हणून १९६७मधे सीबीएस या रेकॉर्ड कंपनीकडून १,००० पौंडांचं बजेट मिळालं आणि त्यात त्यांना स्वतःच्या मनासारखा एक अल्बम करायचा होता. रेकॉर्डिंग मुख्यतः ॲबी रोडवर, बीटल्सचा 'सार्जंट पेपर' तिथून नुकताच बाहेर पडला होता. बीटल्सच्या लेननचा मेलोट्रॉन (टेपवर नोंदलेले वाद्यांचे आवाज काढणारा कीबोर्ड) तिथेच पडून होता तो वापरला असं अर्जंटने सांगितलंय. पैसे कमी म्हणून गाणी आधीच तालमीत घोटून पक्की करून न्यायची, स्टुडिओत विचार करत बसायला वेळच नाही. अर्जंट आणि व्हाइटने लिहिलेली बारा गाणी, एकूण ३५ मिनिटांच्या आसपास. एप्रिल १९६८मधे इंग्लंडात बाहेर आला आणि कोणी ढुंकून पाहिलं नाही.

५. कव्हरवर 'ओडेसी'चं इंग्रजी स्पेलिंग चुकलंय. माझी कॉपी डुप्लिकेट आहे का?

नाही हो. सगळ्यांच्याच कॉपीवर ते तसंच आहे. कव्हर काढणारा टेरी क्वर्क हा बँडचा मित्र, त्याने पहिल्या 'वाय'च्या जागी 'ई' घातला, लक्षात येईपर्यंत उशीर झालेला, मग राहिलं. उलट कुठे बरोबर स्पेलिंगची कॉपी मिळाली तर तिच्यावर संशय घ्या.

आत आणखी एक घोळ आहे. 'बुचर्स टेल' या गाण्याच्या उपशीर्षकात वेस्टर्न फ्रंट १९१४ असं छापलंय, पण गाण्यात जी नावं येतात, गोमकूर, त्येपव्हाल, मॅमेट्झ वूड, ती सॉमच्या लढाईची, म्हणजे १९१६ची. एरवी गोड आवाजांच्या या अल्बममधे हे एकच गाणं अंगावर येतं. खाटकाचा धंदा सोडून सैन्यात गेलेला माणूस, मागे हार्मोनियमसारखा रडका ऑर्गन, आणि गायला ब्लनस्टोन नाही तर स्वतः व्हाइट, ज्याचा आवाज थोडा कापरा आहे आणि तेच बरं झालं.

६. बँड फुटल्यावर गाणं हिट झालं म्हणतात. असं कसं होईल?

झालंय खरं. अल्बम यायच्या आधीच, डिसेंबर १९६७मधे, बँड मोडला होता, पैसा मिळत नव्हता हे साधं कारण. ब्लनस्टोन चक्क विमा कंपनीत नोकरीला लागला. अमेरिकेत कोलंबिया, म्हणजे सीबीएसचीच तिकडची कंपनी, हा अल्बम काढणारच नव्हती. अल कूपर तेव्हा तिथे प्रोड्यूसर म्हणून आला होता, लंडनहून येताना त्याने रेकॉर्ड्सचा गठ्ठा आणला, घरी बसून एकेक ऐकल्या आणि हिच्यासाठी साहेबांच्या मागे लागला. म्हणजे ढीग उपसून शांतपणे ऐकणारा एक माणूस तिथेही लागलाच.

तर 'डेट' या उपलेबलवर अल्बम निघाला. पहिलं सिंगल म्हणून त्यांनी काढलं ते 'बुचर्स टेल', व्हिएतनामचे दिवस म्हणून चालेल असा अंदाज असावा, साफ आपटलं. मग 'टाइम ऑफ द सीझन' काढलं आणि ते १९६९मधे बिलबोर्ड या अमेरिकन यादीत तिसऱ्या नंबरपर्यंत गेलं. बँड तर अस्तित्वात नाही! मग अमेरिकेत नकली झॉम्बीज फिरायला लागले, त्यातल्या एका नकली टोळीत टेक्ससचे डस्टी हिल आणि फ्रँक बिअर्ड होते, जे पुढे झीझी टॉप या बँडमधे खरेखुरे प्रसिद्ध झाले. इंग्लंडात मात्र ते गाणं तेव्हा चाललंच नाही.

७. माझ्या रेकॉर्डवर पहिली गाणी मस्त वाजतात आणि शेवटचं फाटतं. रेकॉर्ड गेली का?

बहुतेक नाही, आणि हे मला २०११मधे कोणी सांगितलं असतं तर माझी अकरा वर्षं वाचली असती. रेकॉर्ड मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद, बाहेर असो की आत. पण बाहेरच्या कडेला एक फेरा म्हणजे लांबलचक रस्ता आणि लेबलजवळ एकदम छोटा. हिशोब केला तर सुईखालून बाहेरच्या बाजूला सेकंदाला साधारण ५० सेंटीमीटर ग्रूव्ह (आवाज कोरलेली खाच) जाते आणि अगदी आत जेमतेम २०-२१. तेवढंच संगीत निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं, त्यामुळे वळणं एकदम बारीक, साधी गोल सुई त्यात नीट बसत नाही आणि पहिले फाटतात ते "स", "श" आणि झांजा.

त्यात प्रत्येक साइडचं शेवटचं गाणं सापडतं. म्हणजे मी त्या अख्ख्या अल्बमची परीक्षा घेतली ती त्याच्या सगळ्यात अडचणीच्या जागेवर, त्यात भिकार प्लेअरवर, आणि नापास केलं प्रेसिंगला. आता साधा पण बरा प्लेअर आहे, एलिप्टिकल, म्हणजे लंबगोल टोकाची सुई आहे, आणि तेच गाणं, तीच कॉपी, ऐकण्यासारखी वाजते. थोडी झीज कायमची झालीय, ती माझी करणी.

तुम्ही काय कराल: सुईवरची धूळ बघा, कार्ट्रिजचं (सुई बसवलेल्या डोक्याचं) रेकॉर्डवर पडणारं वजन त्याच्या कागदावर लिहिलंय तेवढंच आहे का बघा (कमी ठेवलं की रेकॉर्ड वाचते हा गैरसमज आहे, हलकी सुई ग्रूव्हमधे आपटत जाते), अलाइनमेंटचा (सुईचा कोन जुळवायचा) कागदी प्रोट्रॅक्टर प्रिंट करून एकदा जुळवून घ्या. सुई हजारेक तास वाजली असेल तर सरळ बदला. एवढं करूनही पहिल्या गाण्यापासूनच फाटत असेल तर मात्र रेकॉर्ड झिजलीय.

८. सर, जुनी रेकॉर्ड धुवायची कशी? युट्यूबवर कोणी फेव्हिकॉल लावतं!

लावू देत त्यांना. मी डिस्टिल्ड वॉटर वापरतो, बॅटरीच्या दुकानात कॅन मिळतो, फक्त ॲसिडचा कॅन उचलू नका, दिसायला भाऊ-भाऊ असतात. चार भाग पाणी, एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, एकच. मऊ मायक्रोफायबरने ग्रूव्हच्या दिशेने गोल गोल, आडवं नाही. लेबलवर पाणी नको. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दुसरा हात आणि सावलीत उभी करून वाळवा. नळाचं पाणी वाळलं की त्यातला क्षार ग्रूव्हमधे राहतो आणि मग आयुष्यभर पॉपकॉर्न.

धुतलेली रेकॉर्ड परत त्याच जुन्या कागदी आतल्या कव्हरात घालू नका, सगळी मेहनत वाया. आणि कव्हरवरची बुरशी पुसायची तर कोरड्या फडक्याने, गॅलरीत जाऊन, तोंडाला रुमाल बांधून.

९. आजोबांच्या जाड तबकड्या आहेत, नाट्यगीतांच्या. त्यांनाही हेच लिक्विड?

अजिबात नाही!! ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमधे विरघळते. ८ नंबरमधलं अल्कोहोल वगळा, नुसतं डिस्टिल्ड वॉटर आणि लिक्विडचा थेंब, झटपट पुसून लगेच कोरडं. त्यांना सुईही वेगळी लागते, एलपीची बारीक सुई त्या रुंद खाचेच्या तळाला जाऊन घासते. आणि पडली की काचेसारखी फुटते, तेव्हा बसून काम करा.

१०. मोनो ऐकू की स्टिरिओ?

जी कपाटात आहे ती. (मोनो म्हणजे सगळा आवाज एकत्र, स्टिरिओ म्हणजे डावा-उजवा वेगळा.) पण या अल्बमपुरती एक गंमत सांगतो. मोनो मिक्स झाल्यावर सीबीएसने स्टिरिओ मागितला, बजेट संपलेलं, तेव्हा अर्जंट आणि व्हाइटने आपल्या मानधनातून २०० पौंड घालून तो करून घेतला. पण 'धिस विल बी अवर इयर'मधली पितळी वाद्यं त्यांच्या आधीच्या प्रोड्यूसरने थेट मोनो मिक्स करतानाच वर वाजवून घेतली होती, मल्टीट्रॅक (वाद्यं वेगवेगळी नोंदलेल्या) टेपवर ती नव्हतीच. म्हणून जुन्या स्टिरिओ एलपीवर ते एक गाणं म्हणजे मोनोचाच ओढूनताणून केलेला स्टिरिओ. हेडफोन लावले की बाकीच्या गाण्यांत आवाज दोन बाजूंना पसरलेले आणि हे मधेच गुरफटल्यासारखं का वाटतं, त्याचं कारण हे. तुमचे कान ठीक आहेत.

११. याला रॉक म्हणायचं? मला तर पॉप वाटलं. गिटार कुठेय?

गिटार आहे, पण मागच्या बाकावर. 'अ रोज फॉर एमिली'त तर फक्त पियानो आणि आवाज. क्लासिक रॉक म्हणजे लेड झेपेलिन-डीप पर्पलच असं डोक्यात असेल तर हा अल्बम पहिल्या फटक्यात मिळमिळीत वाटणार, मलाही वाटला असता. कंपू कुठला यावरून भांडण्यात मला रस नाही, रोलिंग स्टोन मासिकाच्या २००३च्या ५०० अल्बमांच्या यादीत तो ८०वा होता, २०१९मधे बँड रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममधे गेला, एवढं पुरे.

१२. तुमचं ऐकून लावला, नाही आवडला. किती वेळा ऐकायचा?

तीन. पण तीन वेगवेगळ्या दिवशी, आणि दर वेळी एक अख्खी साइड, मधे उचलायची नाही. फोन दुसऱ्या खोलीत. माझी एक खोड आहे, एखादी रेकॉर्ड बसत नसेल तर मी दुसऱ्या साइडपासून सुरू करतो, कारण पहिल्या साइडचं पहिलं गाणं हे दुकानाच्या काचेतल्या साडीसारखं असतं, गिऱ्हाईक ओढायला लावलेलं. या अल्बमला मात्र ही खोड लागू नाही, इथे पहिल्यापासूनच सुरू करा, आणि शेवटचं गाणं शेवटीच येऊ द्या. अकरा गाण्यांनंतर ते आलं की वेगळं ऐकू येतं, थेट सुई टेकवून ते कळत नाही.

तिसऱ्यांदाही नाही आवडला तर १६ नंबर.

१३. हे सगळं मोबाइलवर ऐकलं तर बिघडतं का?

काही बिघडत नाही. उलट साइड उलटायला उठायचं नाही. फक्त तिथे पुढचं गाणं एका बोटावर असतं आणि मी तरी ते बोट आवरू शकत नाही. शिवाय स्ट्रीमिंगवर बहुतेक वेळा मागे बोनस गाणी जोडलेली असतात, बारावं गाणं संपलं की अल्बम संपला, तिथे थांबा.

१४. रेकॉर्ड वाकलीय, सुई लाटेवर होडीसारखी वरखाली होते.

आवाज ठीक असेल तर तशीच ऐका. दोन जाड काचांमधे ठेवून वर पुस्तकं रचली आणि पुण्यातल्या उन्हाळ्यात महिना-दीड महिना विसरून गेलं तर थोडी सरळ होते, थोडीच. ओव्हन, इस्त्री, हेअर ड्रायर यातलं काहीही करून बघितलेल्या माणसाचा फोटो माझ्याकडे आहे, रेकॉर्डची वाटी झालेली, त्यात त्याने कुंडी ठेवलीय. पुढच्या वेळी उभी ठेवा, आडवी एकावर एक नाही, आणि गाडीच्या मागच्या काचेपाशी तर कधीच नाही.

१५. माझ्याकडची ओरिजिनल १९६८ची आहे का? विकली तर किती येतील?

लेबल बघा, इंग्लंडातली असेल तर सीबीएस आणि अमेरिकेतली असेल तर 'डेट' असायला हवं, कव्हरवरचा नंबर बघा, आणि लेबलच्या भोवतीच्या रिकाम्या पट्टीत कोरलेला मॅट्रिक्स नंबर उजेडात वाचून डिस्कॉग्ज या रेकॉर्ड्सच्या वेबसाइटवर ताडून बघा. कव्हरवर बारकोड असेल तर ती १९६८ची नाही, विषय संपला. किमतीचं मला विचारू नका, कॉपीच्या अवस्थेवर सगळं असतं. तेव्हा कमी खपली म्हणून आता महाग आहे, एवढंच.

१६. मन लावून ऐकलं तरी काहीच सापडलं नाही. काढून टाकू?

हो. काही अल्बम दुर्लक्षित राहतात कारण ते त्याच लायकीचे असतात, हे कोणी बोलत नाही. मी त्याच पावसाळ्यात आणखी सहा रेकॉर्ड्स अशाच काढून ऐकल्या, एक बरी निघाली, पाच देऊन टाकल्या. पण आधी ७ आणि ८ नंबरचं सगळं केलं होतं ना? घाणेरड्या सुईवर कोणालाही नापास करू नका.

१७. बँडने हा अल्बम कधी स्टेजवर वाजवला का?

पूर्ण असा पहिल्यांदा २००८मधे, लंडनला शेफर्ड्स बुश एम्पायरमधे, चाळीस वर्षांनी. ॲटकिन्सन २००४मधे गेला होता, उरलेले चौघे होते. रेडिंगहून तिथे ट्रेनने तासाभरात जाता येतं. मी तिकडे पोचलो २०११मधे.

१८. काका, तुमची कॉपी दोन दिवस उसनी द्याल का?

नाही. घरी या, चहा मिळेल. आई पहिली साइड लावायला सांगेल, ती लावू.